एडक्याची टोपी

"उठव आधी त्याला! अख्ख्या वर्षाची लोकर पसरलीय आणि वर हे जावईबापू लोळतायत!"

पारखीअण्णांचा आवाज अंगणातून उठला तशी शेजारच्या अंगणांतल्या कातरी थांबल्या. कातरणीच्या दिवसांत गावाला दुसरी करमणूक नसते. मेंढरू पाडायचं, गुडघ्याखाली धरायचं, कातर चालवायची, उठवून सोडून द्यायचं. दिवसभर तेच. कुणाच्या घरात भांडण लागलं की सगळ्यांच्या मनगटांना तेवढीच विश्रांती मिळते, म्हणून भांडणाऱ्याला कुणी लगेच आवरत नाही.

जावईबापू म्हणजे घरचं कुत्रं. पिल्लू असतानाच अंगावर एवढे केस होते की त्याचं नाव अस्वल पडलं. उमेदीच्या काळात ह्या अस्वलानं लांडग्याला कळपापासून पार ओढ्यापर्यंत हाकललं होतं. आता एका डोळ्यात मोतीबिंदू आणि मागच्या पायांत वारं. मांजर समोरून गेलं तरी ते मान वळवून भिंतीकडे बघायचं, म्हणजे पाहिलंच नाही असं म्हणायला मोकळं. त्यात हे केस गळायचे दिवस. ऊन चढलं तसं त्याला अंगणात सगळ्यात मऊ जागा कोणती ते कळलं आणि ते जाऊन एडक्याच्या ताज्या लोकरीवर झोपलं.

हा एडका अण्णांचा जीव की प्राण होता. कळपातला तो एकच नर, मळकट पांढऱ्या रंगाचा, शिंगं वळलेली. अण्णांच्या मते त्याच्यासारखी लोकर चार डोंगरांत नव्हती. दुर्दैव असं की कुत्र्याचा रंगही तोच.

सुनेनं धावत येऊन अस्वलाला उठवलं. ते उठलं, पण निम्मे केस मागे ठेवून.

"बघ! आता हे वेचणार कोण?" अण्णांनी लोकरीचा पुंजका तिच्या नाकासमोर धरला. "ज्या अंगाला दूध नाही, ज्या अंगाला लोकर नाही, ते अंग पोसायचं कशाला? परवा गाडी येतेय लोकर न्यायला. गाडीवाल्याला सांगतो, जाताना घाटापलीकडे सोडून दे म्हणून."

उंबऱ्यात बसून लोकरीतले काटे वेचणारी सासू मान वर न करता म्हणाली, "मग गाडीत माझी पण जागा धरा. माझंही दूध आटून जमाना झाला."

"तुझं काय मध्येच?"

"काही नाही. नियम कळला, एवढंच."

शेजारच्या अंगणात कुणीतरी खोकून हसू दाबलं. अण्णा जास्तच तापले. सुनेला खरं तर गप्प बसायचं होतं. सासऱ्याशी वाद घालणारी ती नव्हती. पण ह्या घरात ती नवी आली तेव्हा नवरा कळपामागे रानात, सासू अबोल, सासरा तोऱ्यात. त्या पहिल्या वर्षात ती बोलली असेल तर ह्या कुत्र्याशी. चुलीपुढे रडायची तेव्हा ते येऊन तिच्या पायांवर हनुवटी टेकायचं. माणसांच्या घरात तिला आधी कुत्र्यानं घेतलं, माणसांनी मग घेतलं. त्यामुळे तिच्या तोंडून निघून गेलं:

"लोकर आहे त्याच्या अंगाला, मामंजी."

"काय आहे?"

"लोकर. वरचे राठ केस सोडले तर आत मऊ लव आहे. मी दोन वर्षं विंचरून ठेवतेय. उशीच्या खोळीत भरलीय."

आता कुंपणापलीकडचा विणकर उभाच राहिला. हा गावचा एकमेव मागवाला. हात चालायचा त्याच्या दुप्पट जीभ चालायची. "ऐकलंत का अण्णा? सूनबाईच्या हिशेबानं चुकलंच आपलं. मेंढरं विका, कुत्र्यांचा कळप पाळा. आणि राखणीला एक मेंढरू ठेवा!"

सगळी आळी हसली. सून लाल झाली, पण मागे हटली नाही. "हसा. सूत काढून दाखवते. मामंजींनी डोळे झाकून हात लावावा. एक लड एडक्याची, एक कुत्र्याची. कुत्र्याची ओळखली तर मी स्वतः त्याला गाडीत घालीन. नाही ओळखली तर ते मरेपर्यंत ह्या दारात राहील."

"मला?" अण्णा म्हणाले. "माझी परीक्षा? कुत्र्याच्या केसावर?"

"घ्या की अण्णा," विणकर म्हणाला. "नाहीतर लोक म्हणतील, घाबरले."

अण्णांना उंदीर म्हटलेलं चाललं असतं, घाबरले म्हटलेलं नाही. पैज लागली.

आता अण्णांना पारखी का म्हणत ते सांगायला हवं. गाडीवाला गावची लोकर तोलायचा, पण प्रत ठरवायचे अण्णा. चिमूट उचलायची, डोळे मिटायचे, बोटांत फिरवायची आणि सांगायचं: उंची, मध्यम, भरड. त्यावर अपील नव्हतं. अण्णांनी भरड म्हटलेली लोकर रुसलेल्या लेकीसारखी घरी परत यायची. शेती त्यांना जमली नव्हती, व्यवहार जमला नव्हता, पोराला चार शब्द गोड बोलणं जमलं नव्हतं. जमली होती ती ही एक गोष्ट, आणि तिच्या बळावर गावात ते ताठ मानेनं चालत.

सून सूत काढायला बसली आणि थोड्याच वेळात तिला कळलं, आपण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

एडक्याच्या लोकरीचं काही सांगायलाच नको. पेळू हातात धरला, टकळीला गिरकी दिली की धागा आपोआप निघायचा. लोकरीच्या केसाला अंगचीच बारीक वळणं असतात. एक केस दुसऱ्याच्या गळ्यात गळा घालून बसतो. थोडी राठ, थोडी टोचरी, पण सोडणार नाही. कुत्र्याची लव ह्याच्या उलट. मऊ म्हणाल तर सावरीचा कापूस, ऊबही जास्त, पण केस सरळसोट. कुणाचं कुणाशी पटत नाही. धागा ओढला की निसटतो, सुटतो, टकळी जमिनीवर. तिनं पीळ वाढवला तेव्हा कुठे सूत टिकलं.

सासू शेजारी येऊन बसली. एक धागा बोटाला गुंडाळून बघितला. "छान दिसतंय. थोडी मेंढीची लोकर मिसळ की. धागा धरेल."

"नको, आत्याबाई. मग ती पैज कसली."

"खरेपणाचं फार वेड आहे गं तुला. दाबून बघितलंस?"

सुनेनं नाही म्हणून मान हलवली. तीच तर भीती होती. लोकर ओळखायची अण्णांची हुकमी युक्ती होती आणि ती त्यांनीच तिला शिकवली होती, त्यांच्या एका बऱ्या दिवशी. लड मुठीत घट्ट दाबायची आणि मूठ उघडायची. लोकर असेल तर श्वास घेतल्यासारखी परत फुगून येते. केस असेल तर बसला तो बसला. तिनं कुत्र्याची लड मुठीत दाबून सोडली. ती तळहातावर तशीच चपटी पडून राहिली, दमून झोपलेल्या अस्वलासारखी.

"ओळखणार ते," सून म्हणाली. "मूठ उघडली की संपलं."

"मग चार दिवस लाड कर त्याचे," सासू म्हणाली, आणि लगेच, "चार कुठले. उद्याचाच दिवस," असं म्हणून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी विणकराच्या ओसरीवर गाव जमलं. माग आत, माणसं बाहेर. विणकरानं हौसेनं चहा केला होता. कप उकळत्या चहाचे. बाकीचे कडा धरून फू फू करत होते, अण्णा मात्र तळहातात कप कवटाळून शांत बसले होते. सुनेनं ते पाहिलं, पण तेव्हा तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. अस्वल तिच्यामागे लंगडत आलं होतं आणि पायरीखाली पडलं होतं. आपल्या नशिबाचा निकाल लागतोय हे त्याला कळायचं कारण नव्हतं. ते माशी हाकलत होतं.

"खूण काय केलीय सूनबाई?" विणकरानं विचारलं.

"कुत्र्याच्या लडीच्या आतल्या टोकाला गाठ आहे. वरून दिसत नाही."

"बास. शेवटी तुम्हीच उघडून दाखवा. अण्णा, डोळे."

डोळ्यांवर फडकं बांधलं. अण्णांनी पहिली लड हातात घेतली. ती एडक्याची होती. सून मूठ आवळायची वाट बघत राहिली.

अण्णांनी मूठ आवळलीच नाही. बोटांनी सूत जरा चाळवलं, मग लड उचलून खालच्या ओठावरून फिरवली. गालाला लावली. तोंड वाकडं केलं.

"टोचतेय," ते म्हणाले. "राठ. दुसरी द्या."

दुसरी ओठांवरून फिरली आणि अण्णांचा चेहरा निवळला. पोराच्या जावळावरून हात फिरवावा तसे ते ओठ फिरवत राहिले.

"ही माझ्या एडक्याची. शंका नको. आणि ती पहिली कुत्र्याची. भरड! हिची बरोबरी करायला निघाली होती पोरगी!"

सुनेच्या छातीतून आनंद असा उसळला की ती जवळजवळ ओरडणारच होती. जिंकलं कुत्रं! तिनं लड परत घ्यायला हात पुढे केला आणि अण्णांच्या हाताकडे तिचं लक्ष गेलं. एडक्याच्या लोकरीत वेचायचा राहून गेलेला एक काटा अण्णांच्या तर्जनीच्या पेरात रुतला होता. चांगला आत. रक्ताचा थेंब आला होता. आणि अण्णा त्याच बोटानं अंगठा चोळत, हसत बसले होते.

मग तिला एकेक आठवत गेलं. कपाभोवती कवटाळलेला तळहात. सदऱ्याची बटणं लावायला अलीकडे लागणारा वेळ. चुलीतलं लाकूड सारताना बोटावर आलेला फोड, जो त्यांना सासूनं दाखवल्यावर दिसला होता. बोटांतली जाणच गेली होती. म्हणून ओठ. ओठाला मऊपणा कळतो. लोकरीचा जीव मुठीला कळतो, आणि ती मूठ आता बहिरी झाली होती.

"बोला की सूनबाई," विणकर म्हणाला. "गाठ कुठल्या लडीत?"

एका हाताला कुत्रं, एका हाताला सासरा. खरं बोललं तर अस्वल दारात राहणार, पण उद्या गाडीपुढे अण्णांनी चिमूट उचलली की लोक एकमेकांना कोपर मारणार. पारखी म्हणून हाक मारताना हसणार. ह्या माणसानं तिला कधी प्रेमानं हाक मारली नव्हती. तिला त्याचा रागही होता. तरी त्या बोटावरच्या काट्यावरून तिची नजर हटेना.

"बरोबर ओळखलंत, मामंजी," ती म्हणाली. आणि गाठ कुणी बघायच्या आत दोन्ही लडी पदरात गुंडाळल्या.

गावानं एकच जल्लोष केला. विणकर भलताच खूश झाला. मघाची मऊ लड त्यानं तिच्या पदरातून परत ओढून गालाला लावली. "काय माल आहे अण्णा! एडक्याला असली लोकर येते हे आजवर कळलंच नाही. ही धुऊन द्या मला. तुमच्या मानाची टोपी करून देतो."

घरी येताना सून पुढे, अस्वल मागे. तिनं एकदाही वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर रडली असती.

सासूनं लड कोमट पाण्यात बुडवली ती दिवेलागणीच्या आधी. क्षणभरानं तिनं नाक उचललं, परत वाकून हुंगलं, आणि हाक मारली.

"अहो! जरा इकडे या. तुमचा एडका ओला झाला की भुंकतोय."

अण्णा आले. वाकले. ओल्या कुत्र्याचा वास ज्यानं एकदा घेतलाय त्याला पारखी असावं लागत नाही. बोटं गेली तरी नाक शाबूत होतं. मग सुनेकडे न बघता म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस? कुत्रं राहिलं असतं तुझं."

तिनं भिंतीतली सुई काढली, अण्णांचा हात धरून त्यांना उंबऱ्यावर बसवलं आणि पेरातला काटा काढायला लागली. काटा खोल होता. अण्णा दुसरीकडे बघत होते.

"दुखलं तर सांगा," ती सवयीनं म्हणाली.

"नाही दुखत," अण्णा म्हणाले. काटा निघाला तसं म्हणाले, "दोन हिवाळे झाले." त्यांचा आवाज एवढा लहान तिनं कधी ऐकला नव्हता.

सासूनं लडीच्या टोकाची गाठ सोडून टाकली आणि परातीतलं पाणी ओतत म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. घरात तिघांनाच ठाऊक. चौथ्याला कळायचं कारण नाही." आणि आत जाता जाता, "चौथं आहे ते कुत्रं. ते बोलत नाही."

सकाळी गाडी आली. लोकरीच्या गठड्या रांगेनं लागल्या. सुनेनं ठरल्याप्रमाणे अस्वलाच्या गळ्यात दोरी बांधली. शब्द म्हणजे शब्द. गाडीवाल्यानं फळी खाली टाकली.

"थांब," अण्णा ओरडले. "कुत्रं कुठे नेतोस?"

"तुम्हीच सांगितलंत की, अण्णा."

"सांगितलं होतं. आता नाही सांगत."

विणकर पुढे झाला. पैजेचा निकाल त्याच्या ओसरीवर लागला होता. एवढ्यावर तो थोडाच सोडणार. "असं कसं? तुम्ही जिंकलात. पैज म्हणजे पैज."

अण्णांनी घसा खाकरला. घरात बोलायला शब्द न सापडणाऱ्या माणसाला चारचौघांत खोटं बोलायला किती सापडतात ते सुनेनं त्या दिवशी पाहिलं.

"जिंकलो म्हणूनच ठेवतोय. ती लड बघितलीस ना? का आली एडक्याला असली लोकर? रोज रात्री हे कुत्रं त्याच्या पोटाशी झोपतं. मेंढरू भ्यालं की लोकर राठ होते. निर्धास्त झोपलं की मऊ. कुत्रं घालवलं तर एडक्याची लोकर जाईल."

"हे आजवर बोलला नाहीत कधी?"

"सगळंच सांगत बसलो तर मला पारखी कोण म्हणेल?"

गावानं माना डोलावल्या. खरं सांगून पटत नाही तिथे खोटं ठासून सांगितलं की पटतं.

मग प्रत ठरवायला सुरुवात झाली. अण्णा म्हणाले, "सूनबाई, गठड्या सोडून देत जा. वाकून कंबर धरते माझी." ती गठडी सोडायची, आतली मूठभर लोकर दाबून सैल करायची आणि त्यांच्या हातात द्यायची. अण्णा ओठांना लावायचे, डोळे मिटायचे आणि उघडताना आधी तिच्या तोंडाकडे बघायचे. तिनं पदर नीट केला की उंची, नुसतीच उभी राहिली की मध्यम, नाक पुसलं की भरड. त्या वर्षी प्रत इतकी अचूक लागली की गाडीवाला म्हणाला, अण्णा, वय वाढतंय तसा हात आणखी तयार होतोय तुमचा.

विणकरानं टोपी करून दिली. करताना कुरकुरला, सुताला ताण नाही, सैल पडतं, मागावर केस उडतात. "उंची माल नखरे करतोच," अण्णांनी सांगितलं. टोपी इतकी उबदार की अण्णांच्या कपाळाला घाम यायचा आणि भुवयांवर पांढरी लव बसायची. पण काढायची सोय नव्हती. गावाला दाखवायची होती.

आणि गावानं पाहिली. ज्यानं त्यानं आपल्या मेंढ्या अण्णांच्या एडक्याकडे आणल्या. एडका बिचारा थकून गेला. ज्यांच्याकडे कुत्रं नव्हतं त्यांनी कुठून कुठून आणून आपापल्या नरांपाशी बांधलं. पहिल्या आठवड्यात मेंढरं भेदरली, दोन कुत्री शिंगांचा मार खाऊन पळाली; पण गावानं हट्ट सोडला नाही. पुढच्या कातरणीला लोकर होती तशीच निघाली. लोक म्हणाले, आपली कुत्री नवी आहेत, वेळ लागेल.

एकदा आळीतली माणसं बाजारातून परत येत होती आणि माळावर पावसानं गाठलं. ज्यानं त्यानं टोपी कानांवर ओढली. अण्णांनी मात्र आपली काढली, घडी केली आणि सदऱ्याच्या आत पोटाशी धरली.

"अहो अण्णा, डोक्यावर घाला की!" विणकर ओरडला.

"मानाची वस्तू आहे, भिजवायची नसते," अण्णा म्हणाले, आणि उघड्या टकलावर सरी घेत चालत राहिले.

घरी पोचले ते निथळत. सदराही भिजला होता, टोपीही. अस्वल दारातून उठलं, लंगडत आलं, त्यांच्या पोटाशी नाक लावून हुंगलं आणि शेपूट हलवायला लागलं. कित्येक वर्षांनी घरचं माणूस भेटावं तशी शेपूट हलत होती. सुनेनं तोंडाला पदर लावला. सासूनं तेवढीही तसदी घेतली नाही, ती मोठ्यानं हसली.

"हसू नका," अण्णा म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच वाकून कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोटांना काही कळत नव्हतं, म्हणून मग हाताची मागची बाजू त्याच्या कानामागे फिरवली. उठले तेव्हा नेहमीचा हुकमी आवाज परत आला होता.

"सूनबाई, ही टोपी झिजत चाललीय. यंदा माझ्या एडक्याला नीट विंचरून ठेव," असं म्हणत त्यांनी अस्वलाकडे बोट दाखवलं आणि आत गेले.